मेघनाच्या नावाचे गाऱ्हाणे

॥ श्री ॥

परळ, मुंबई
२४ नोव्हेंबर २०२४

ती. आक्का हिला
राजेशचा शि. सा. न. वि. वि.

तुझे दिवाळीचे पत्र पोचले. कानातले यंत्र फोन लावला की शिटी घालते, म्हणून यापुढे फोन बंद आणि पत्रच, असे तू लिहितेस. मला बरेच वाटले. टपाल खात्यात जन्म काढलेल्या माणसाला सख्खी बहीण तरी पत्र लिहिते, हे सांगताना छाती फुगते. आमच्याकडे आता बँकांची पाकिटेच फार. हाताने पत्ता लिहिलेले पत्र दिसले की शेजारच्या टेबलावरचे बाबुराव ते उलटसुलट करून बघतात आणि माझी थट्टा करतात.

इकडे सर्व ठीक. ललिताचा गुडघा थंडीत धरतो. श्रेया कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा मी सहज म्हटले की दोन-चार वर्षांत तुझ्यासाठी स्थळ बघावे लागेल. तर म्हणते, बाबा, आधी मला झोपायला खोली बघा. आम्ही दोघे हसलो, पण जेवताना तेच वाक्य आठवत राहिले.

आता तू विचारलेस त्याविषयी. तुझा हितेंद्र बरा आहे. निवडणुकीचे फलक छापून छापून दमला आहे. गिरणीच्या जुन्या आवारातला तो बिनखिडकीचा गाळा, त्यात ती फ्लेक्सची मशीन आणि तो शाईचा वास. बारा वर्षे झाली त्याला तिथे. घरी आला तरी शर्टाला वास येतोच, मेघना त्याचे कपडे वेगळे भिजवते. मेघनाचे ऑफिसही चालू आहे. पावसाळ्यात दवाखान्यात जो प्रयत्न केला तो फळाला आला नाही, हे तुला ठाऊकच आहे. दोष स्वतःमध्येच आहे असे मेघना सांगते. यापलीकडे ती बोलत नाही, आणि हितेंद्र तर तो विषय निघाला की उठून गॅलरीत जातो. तू शेजारच्या मुलीकरवी फोन करून तिला विचारू नकोस, एवढीच विनंती.

आक्का, मी पुष्कळदा विचार करतो. भावोजींची लालबागची खोली पाडली तेव्हा तीन वर्षांत टॉवर उभा राहील असे सगळे म्हणाले. हितेंद्रचे लग्न झाले, तरी टॉवरचा पत्ता नाही. सात वर्षे ती दोघे माझ्या एका खोलीत राहिली, कपाटाला पडदा लावून. पडद्याच्या अलीकडे आम्ही तिघे. घराची चावी हातात आली की मग मूल, असे त्यांनी ठरवले होते. मी मनात म्हणायचो, शहाणी मुले आहेत. आपण पाच भावंडे एवढ्याच जागेत वाढलो हे खरे, पण तेव्हा आपली लाज आणि यांची लाज यांत फरक होता. चावी आली तेव्हा मेघना बत्तीस वर्षांची झाली होती.

आता दोन खोल्या आहेत, विसाव्या मजल्यावर वारा आहे, आणि दुसऱ्या खोलीत इस्त्रीचे टेबल आहे. देवाच्या मनात काय असेल ते असो. मी रोज संध्याकाळी दोघांसाठी हात जोडतो.

तब्येतीला जप. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा
राजेश


॥ श्री पावणाई प्रसन्न ॥

कातळवाडी
२ डिसेंबर २०२४

चि. राजेश यास
आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. अक्षर तुझे अजून कोंबडीने पाय फिरवल्यासारखेच आहे. टपाल खात्याने तुला ठेवून कसे घेतले देव जाणे.

ललिताला म्हणावे, गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांध आणि गोळ्या कमी खा. श्रेयाचे वाक्य वाचून मला हसू आले नाही. पोर खरे बोलली.

इकडची बातमी म्हणजे आपल्या वाडीची शाळा जूनपासून बंद झाली. दोनच मुले उरली होती, ती आता रिक्षाने पलीकडच्या गावात जातात. शाळेच्या पडवीत मंडळाच्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. हितेंद्रने ज्या फळ्यावर बाराखडी गिरवली तो भिंतीला तसाच आहे. वाडीत बारशाच्या घुगऱ्या खाऊन दोन वर्षे झाली. म्हातारी माणसे मरतात तेवढीच गर्दी. आंब्याच्या कलमांवर फवारणी सुरू झाली की घरात बसवत नाही, डोळे चुरचुरतात. पूर्वी मे महिन्यात पोरे झाडावर असायची, आता औषधाचे पंप पाठीला लावलेली परगावची माणसे असतात.

तर आता ऐक. येत्या जत्रेत मी देवीपुढे गाऱ्हाणे घालायचे ठरवले आहे. तू कपाळाला हात लावशील हे मला माहीत आहे. पण तूच सांग, आपल्या घराण्यात कोणते मोठे काम गाऱ्हाणे घातल्याशिवाय झाले? तुझी टपालातली नोकरी लागली ती दोन पावसांनी, पण गाऱ्हाणे आधी घातले होते. डॉक्टरीण तिचे काम करते, गुरव त्याचे करील. मेघना शहरात वाढली, माझगावच्या चाळीत, तिला यातले काही माहीत नाही. तिच्यासाठी मागायला माझ्याशिवाय आहे कोण? तिला आधी सांगू नकोस. पोर संकोचेल. जत्रा झाल्यावर देवीचा अंगारा पाठवीन, तेव्हा सांगू.

ह्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. घरात मी आणि मांजर. संध्याकाळी दिवा लावते तेव्हा हाक मारायला कुणी असावे असे फार वाटते. मला दुसरे काही नको.

सगळ्यांवर माझा जीव आहे, हे विसरू नका.

तुझी
आक्का


॥ श्री ॥

परळ
२२ डिसेंबर २०२४

ती. आक्का हिला
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला आठवडा लावला.

गेल्या रविवारी हितेंद्र आणि मेघना आमच्याकडे जेवायला आली होती. मार्गशीर्ष म्हणून ललिताने वालाचे बिरडे केले होते. पाने वाढायच्या वेळी गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रूपवर जत्रेचा व्हिडिओ आला. आपला रघु मंडळाचा सेक्रेटरी आहे, त्यानेच टाकला. श्रेयाने पाहिला आणि फोन पालथा करून ठेवला, पण तोपर्यंत मेघनाच्या फोनवरही तो आलाच होता. तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला.

आक्का, तू तिथे देवळात उभी होतीस, तुला ते नेहमीचेच वाटले असेल. ते फोनवर कसे दिसले ते सांगतो. गुरवाने मानकऱ्यांची नावे घेतली, घराण्याचे नाव घेतले, हितेंद्र दत्ताराम याची बायको म्हणून मेघनाचे नाव घेतले. तिच्या अंगाला काही बाधा असेल, तिच्या पावलाने काही चुकले असेल, तर ते पदरात घे आणि तिची कूस उजव, असे तो तीनदा बोलला, आणि दर वेळी सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. शेवटी पदर पसरून तू दिसलीस. खाली मंडळातल्या दोनशे माणसांनी हात जोडल्याची चित्रे टाकली होती. कुणीतरी तर एका वैद्याचा नंबरही टाकला.

फोन ठेवून मेघनाने सगळ्यांना भात वाढला. हितेंद्रकडे तिने एकदा पाहिले, आणि बराच वेळ पाहिले. तो ताटाकडे बघत होता. मग हात धुऊन ती म्हणाली की ती काही दिवस माझगावला आईकडे राहणार आहे. ललिताने तिला परोपरीने थांबवले. ती ललिताच्या पाया पडली आणि गेली. हितेंद्र तिच्यामागे गेला नाही.

नंतर जिन्यात उभा राहून तो मला म्हणाला की आईने चुकीचे मागितले. मी विचारले, म्हणजे काय? तर तो उतरून गेला. तेव्हापासून तो विसाव्या मजल्यावर एकटा आहे. ललिता डबा पाठवते.

तुझ्या मनात वाईट नव्हते, हे मी सगळ्यांना सांगितले. पण आता काय करावे ते मला कळत नाही. रागावलीस तरी पत्र लिहायचे थांबू नकोस.

तुझा
राजेश


॥ श्री पावणाई प्रसन्न ॥

कातळवाडी
३० डिसेंबर २०२४

चि. राजेश यास आशीर्वाद.

म्हणजे मीच वाईट झाले.

मी काय मागितले? दुसऱ्याच्या घरचे सोने मागितले? अरे, मला लग्नानंतर चार वर्षे मूल नव्हते, तेव्हा माझ्या सासूने याच देवळात माझ्या नावाने असेच गाऱ्हाणे घातले होते. मी पदराआड उभी होते आणि मला लाज वाटली नाही. उलट वाटले, सगळा गाव आपल्यासाठी बोलतो आहे. ह्यांच्याबद्दल कुणी काही बोलले नाही, बोलायचे काय होते? ते मुंबईला गिरणीत, वर्षातून दोनदा यायचे. आता ही पोर मागणे ऐकून माहेरी जाते. माहेर जवळ असले की असे होते. माझे होते घाटावर, मी कुठे जाणार होते?

तो व्हिडिओ कुणी काढला ते मला ठाऊक नव्हते. फोन असलेली पोरे सगळीकडेच असतात. रघुची आई गंगूबाई, भजनाला माझ्या शेजारी बसते ती, काल देवळात सांगत होती की मुंबईत मेघनाने मोठा तमाशा केला. तमाशा केला नाही, भात वाढला, हे मी तिला तुझ्या पत्रावरून सांगितले. तिच्या सुनेला, रघुच्या मानसीला, आठ वर्षे मूल नाही. तिच्या नावाने दर जत्रेत गाऱ्हाणे पडते. ती कुठे माहेरी गेली?

हे सगळे लिहिले, पण राजेश, मला दोन दिवस जेवण गेलेले नाही. चुकीचे मागितले म्हणजे काय, ते त्याला विचार. विचारून मला कळव. काही लपवू नकोस. म्हातारी आहे म्हणून लपवू तर मुळीच नकोस.

तुझी
आक्का


॥ श्री ॥

परळ
१२ जानेवारी २०२५

ती. आक्का हिला
शि. सा. न. वि. वि.

आधी चांगली गोष्ट सांगतो. मेघना घरी परत आली आहे. आता बाकीचे सांगतो. हे पत्र बसून वाच.

गेल्या शनिवारी हितेंद्र माझ्या ऑफिसात आला. आम्ही भोईवाड्यातल्या देवळाच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिथे त्याने मला सांगितले, आणि म्हणाला, आईला तूच लिही मामा, माझ्या हातून लिहिले जाणार नाही.

दोष मेघनात नाही. दोन वर्षांपूर्वी दोघांचीही तपासणी झाली. ती पूर्ण बरी आहे. कमी आहे ती हितेंद्रमध्ये. त्याच्या बीजात जीव फार थोडे, आणि असलेलेही दुबळे. ज्या दिवशी कळले त्या दिवशी तो दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला आणि एवढेच म्हणाला की हे आईला कळता कामा नये. मेघनाने घरी येऊन ललिताला सांगितले की दोष तिच्यात आहे. कुणी तिला तसे सांगायला सांगितले नव्हते. तिचे तिने ठरवले. तेव्हापासून मंडळातल्या बायका, शेजारणी, तिची स्वतःची आई, आणि आपण सगळे तिलाच उपाय सांगत आलो. त्या दवाखान्यातल्या उपचारात सुया बाईलाच टोचतात, आक्का. दुखणे त्याचे आणि पोटात सुया तिच्या.

मी त्याला विचारले की हे कशाने झाले. डॉक्टरीणबाईंनाही त्याने हेच विचारले होते. त्यांनी सांगितले की एक असे कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. कामाची जागा कशी, ते विचारले. शाई पातळ करायचे ते औषध, बिनखिडकीच्या गाळ्यातली त्याची वाफ, मशीनची उष्णता, सणासुदीच्या रात्रपाळ्या, प्लॅस्टिकच्या डब्यातले गरम जेवण, बांधकामांची धूळ, वाढलेले वय, मनाचा ताण. लहानपणी कुठल्या बागेत फवारणी केली होती का, हेही विचारले. यातले एखादे असेल, सगळी मिळून असतील, किंवा कुठलेच नसेल. पण वीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे असे पुरुष क्वचित यायचे, आता रोज येतात आणि तरुण येतात, असे त्या म्हणाल्या.

मला ओट्यावर बसून त्या गाळ्याचीच आठवण येत होती. बारा वर्षे पोरगा तिथे दुसऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक छापतो आहे. कुणाचा दोष म्हणायचा? आपण म्हणालो नोकरी आहे ना, मग टिकव. बिल्डर म्हणाला थांबा. पोरे म्हणाली घर होऊ दे. सगळेच आपापल्या जागी शहाणपणाने वागले, आणि आज ही वेळ आली.

त्या दिवशी तो माझ्याकडून उठला तो थेट माझगावला गेला. सासूसासऱ्यांसमोर उभा राहून त्याने स्वतःच्या तोंडाने सगळे सांगितले. मेघना त्याच संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी आली.

मेघनाला दोन शब्द लिहावेसे वाटले तर लिही. नाही वाटले तर मी समजेन. पांडुरंग तुला बळ देवो.

तुझा
राजेश


लालबाग
३० जानेवारी २०२५

ती. आईंना
मेघनाचा साष्टांग नमस्कार.

मामांनी तुम्हाला सगळे लिहिले, असे त्यांनी काल सांगितले. पत्र लिहायची मला सवय नाही. ऑफिसात दिवसभर ईमेल लिहिते, पण तुम्हाला लिहिताना तिसरा कागद घेतला आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

आई, मी तुमच्यावर रागावून माझगावला गेले नाही. व्हिडिओत शेवटी तुम्ही पदर पसरलेला पाहिला तेव्हा मला रडू आले ते वेगळ्याच कारणाने. माझ्यासाठी कुणी असे चारचौघांत उभे राहिलेले नाही. राग आला तो ह्यांचा. माझे नाव तीनदा घेतले गेले आणि हे ताटाकडे बघत बसले. गावाला सांगायला नकोच होते, पण मामा, मामी, श्रेया, चार माणसे तर होती. त्यांच्यापुढे एक शब्द बोलायचा. दोन वर्षे मी ते ओझे आनंदाने उचलले, पण कुणी ते माझ्याच मालकीचे समजू लागले तर कसे चालेल?

आता ते बोलले. माझ्या आईबाबांपुढे बोलताना त्यांनी मान खाली घातली नाही, मी आतून पाहिले. मला तेवढेच हवे होते. त्याहून जास्त नको.

म्हणून हे पत्र. आई, तुमचा स्वभाव मामांनी मला सांगितला आहे. तुम्ही कुणाला काही खुलासा करू नका. देवळात नाही, गंगूकाकींना नाही, कुणालाच नाही. गावात माझे नाव आहे तसेच राहू द्या. मी वर्षातून एकदा येते, चार दिवस राहते, बायका कुजबुजल्या तर मला त्यांची मालवणी अर्धी कळतही नाही. ह्यांना मात्र शिमग्याला पालखी नाचवायची असते, मंडळाच्या खोलीवर दर रविवारी बसायचे असते. ती माणसे ह्यांना जगू देणार नाहीत. माझ्या खांद्यावर ते हलके आहे, त्यांच्या खांद्यावर जड होईल.

डॉक्टरांनी पुढच्या प्रयत्नासाठी फेब्रुवारीतली तारीख दिली आहे. हा शेवटचा, असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी गाऱ्हाणे नको. मनातल्या मनात मागा, तुमचे मागणे तेवढ्यानेही पोचेल.

तुमचे प्रेम मला हवे आहे. ते कधी कमी पडले नाही, पुढेही पडू देऊ नका.

तुमची
मेघना


॥ श्री पावणाई प्रसन्न ॥

कातळवाडी
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मेघना हिला
आईचे अनेक आशीर्वाद.

राजेशचे पत्र आले त्याला पंधरा दिवस झाले. तुला लिहायला रोज बसत होते आणि कागद तसाच राहत होता. नुसत्या कागदावर माफी मागून काय होते? तुझे नाव मी कागदावर घातले नव्हते, सगळ्या गावापुढे घातले होते. तर ते काढायचेही गावापुढेच, असे मी ठरवले. आज मन मोकळे झाले म्हणून लिहिते.

काल माघी गणेशजयंती. देवळात सगळा गाव महाप्रसादाला होता. मी आधी गुरवाला म्हटले की जत्रेत घातलेले गाऱ्हाणे मला मागे घ्यायचे आहे. तो म्हणाला, देवीपुढे गेलेला शब्द मागे येत नाही. मग मी म्हटले, तर दुसरा शब्द मीच घालते. बाईमाणसाने सभामंडपात उभे राहून बोलायची आपल्याकडे रीत नाही. मानकरी उठून उभे राहिले, पण मला कुणी हाताला धरून बसवले नाही.

मी देवीला सांगितले की माझ्या सुनेच्या अंगात काही कमी नाही, तिच्या पावलाने काही चुकलेले नाही. कमी आहे ती माझ्या पोटच्या पोराच्या अंगात, आणि ती सुनेने दोन वर्षे आपल्या पदराखाली झाकली. मी तिच्यावर गाव घातला, तो आज उचलते. मूल दे न दे, ही दोघे एकमेकांची राहू देत. एवढे बोलले आणि बसले. ‘व्हय म्हाराजा’ कुणी म्हणाले नाही. फक्त मागे बसलेल्या बायकांतून एकटी कुणी तरी म्हणाली. वळून पाहिले नाही, पण आवाज गंगूबाईच्या सुनेसारखा वाटला. ती सध्या गावी आली आहे.

फोनवर या वेळीही कुणी काढले असेल. काढू दे. मुंबईत सगळ्यांनी बघू दे. आता तुला कुणी बोट दाखवणार नाही.

तुझ्याकडून अजून एक ओळही आलेली नाही. तुझा राग उतरला असेल तर एवढेच लिही. या घरात तुझी वाट बघणारे माणूस आहे.

तुझी
आई


लालबाग
९ मार्च २०२५

ती. आईला
हितेंद्रचा शि. सा. न.

तुझे पत्र आणि मेघनाचे पत्र वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली. मामाने तारखा बघितल्या आणि टपाल खात्याला शिव्या दिल्या, स्वतःच्याच खात्याला. मेघनाने तुझे पत्र वाचले आणि घडी घालून कपाटात ठेवले. ती मला म्हणाली, आपले पत्र आधी लिहिलेले होते हे आईंना जाणवू देऊ नका. पण तू तारखा वाचशीलच, म्हणून लिहितो.

मेघनाच्या पत्राला तू काही उत्तर पाठवले नाहीस, म्हणजे मनाला लावून घेतलेस. मीही महिनाभर लिहिले नाही. खोटे कशाला बोलू, गणेशजयंतीचा व्हिडिओ आला त्या दिवशी मला तुझा फार राग आला. दोन दिवस मी मामाशीही बोललो नाही. मग तो उतरला. तू जे केलेस ते मी डिसेंबरात त्या ताटावर बसून करायला हवे होते.

आधी आमचे सांगतो. शेवटचा प्रयत्न झाला. गेल्या मंगळवारी निकाल कळला. नाही. मेघना दवाखान्यातून थेट ऑफिसला गेली, मी कामावर गेलो. संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही दुसऱ्या खोलीतले इस्त्रीचे टेबल तिथेच राहू द्यायचे ठरवले. आता थांबायचे. दत्तक वगैरे लोक सांगतात, त्याचा विचार पुढे कधी सुचला तर बघू, आज त्यावर बोलायची ताकद नाही. तू नातवंडाची वाट बघितलीस, ती बघायची आता सोड. हे लिहिताना मला फार जड जाते आहे आई, पण मेघनाने लिहिण्यापेक्षा मी लिहिलेले बरे.

कामावर मी मशीन सोडली. मालकाने काउंटरवर बसवले, पगार थोडा कमी केला. माझ्या जागी आलेल्याचे लग्न मे महिन्यात आहे. त्याला मी सगळे सांगितले, अगदी स्वतःचेसुद्धा. तो हसला आणि म्हणाला, दादा, तुम्ही फार विचार करता. मालकाला हवा खेचणारा पंखा लावायला सांगितला आहे. तो गणपतीनंतर बघू म्हणतो.

आता मंडळाचे. तुझ्या व्हिडिओनंतरच्या रविवारी मी मुद्दाम खोलीवर गेलो. गेलो नसतो तर पुन्हा कधीच गेलो नसतो. मी आत शिरलो तशा गप्पा थांबल्या. पत्ते खेळणारे हातातली पाने बघत बसले. कुणी तरी म्हणाले की यंदा पालखीला जरा दमदार माणसे निवडा, आणि दोघे हसले. मी चहा पिऊन उठलो. मेघना म्हणाली होती तसेच झाले.

पण पुढचे तिलाही माहीत नव्हते. मी जिना उतरत होतो, तर त्या हसणाऱ्या दोघांतलाच एक मागून आला. त्याला त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता हवा होता. एका मित्रासाठी, म्हणाला. दोन दिवसांनी दुसऱ्याचा फोन आला, त्याचाही मित्रच होता. तिसरा गाळ्याबाहेर येऊन उभा राहिला. त्याने मित्राचे नाव घेतले नाही. तो फक्त म्हणाला, तू बरोबर येशील का?

तिघेही आपल्या गावचे. तिघांच्याही बायकांची नावे तुझ्या देवीला पाठ आहेत. यांतल्या एकानेही तोवर स्वतःची तपासणी केलेली नव्हती. कुणी सांगितलेच नाही, आणि त्यांनी विचारले नाही. कसे विचारणार? मी तरी मेघना मागे लागली नसती तर गेलो असतो का?

त्या तिसऱ्याबरोबर मी गेलो. गावात माझ्यापेक्षा दांडगा, पालखी एकट्याने डोक्यावर धरणारा गडी. बाहेरच्या बाकावर तो शाळेतल्या पोरासारखा हात मांडीवर ठेवून बसला होता. आत त्याचे नाव पुकारले तेव्हा उठलाच नाही. मी पाठीवर हात ठेवला, मग गेला. दहा दिवसांनी त्याला कळले. त्याचेही माझ्यासारखेच आहे, आई. लिफ्टने न येता तो जिन्याने उतरला, कोपऱ्यावर थांबला, आणि बायकोचे नाव घेऊन म्हणाला की तिला मी कायकाय बोललो आहे रे. आम्ही पुलापर्यंत बरोबर चाललो आणि मग आपापल्या घरी गेलो.

शिमग्याला मी येतो. या वेळी मेघनाही येते. पालखीला कुणी खांदा देऊ दिला तर देईन, नाही तर बाजूने चालेन. मेघनासाठी कुळथाची पिठी करून ठेव, तिला ती तुझ्याच हातची लागते. आम्हा दोघांना तू हवी आहेस, म्हणून स्वतःची हेळसांड करू नकोस.

तो तिसरा कोण, हे तू पत्र वाचता वाचता ओळखले असशील. भजनाला तू आणि त्याची आई शेजारीशेजारी बसता. ती सुनेबद्दल बोलू लागली की तुला राहवणार नाही, हे मला माहीत आहे. तरी गप्प राहा. घरी कुणाला सांगायचे, कधी सांगायचे, की सांगायचेच नाही, हे त्याचे त्याला ठरवू दे. तोवर एवढे कर. देवीलाही सांगू नकोस.

तुझा
हितेंद्र